सालीचं कडं: प्रयोग जुना, प्रश्न नवे

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला एकच काळजी होती: आपल्याकडे नवं उपकरण नाही, मग नवं संशोधन होणार कसं? ती काळजी ज्या प्रयोगामुळे कमी झाली, त्याला फक्त एक धारदार चाकू लागतो.

आधी झाडाची साल समजून घेऊ. बाहेरून दिसते ती साल मुख्यतः मृत पेशींची. त्यांच्या भित्तिकांत सुबेरिन हा मेणासारखा पदार्थ असतो. त्यामुळे पाणी उडून जात नाही आणि बुरशीला आत शिरणं अवघड जातं. आतली साल मात्र जिवंत असते. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या तिच्यातच असतात. पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या मात्र लाकडात. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

सतराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याचे वैद्य मार्चेल्लो माल्पिगी यांनी सालीचं गोल कडं काढलं, लाकूड तसंच ठेवलं. कड्याच्या वरचा भाग फुगला. म्हणजे पोषक रस सालीतून खाली येतो, असा अर्थ त्यांनी लावला. 1837 मध्ये जर्मनीत थिओडोर हार्टिग यांना त्याच सालीत चाळणीसारखी छिद्रं असलेल्या नळ्या दिसल्या.

झालं, विषय संपला? नाही! 1920 च्या दशकात हेन्री डिक्सन यांनी हिशोब मांडला: इतक्या अरुंद नळ्यांतून एवढी साखर एवढ्या वेगाने जाईलच कशी? ती लाकडातूनच जात असणार. शंका रास्त होती. मग 1928 मध्ये मेसन आणि मास्केल यांनी त्रिनिदादमध्ये कपाशीवर कडी काढली आणि जोडीला साखरही मोजली. पानांतली साखर दिवसभरात कमी-जास्त झाली, की पाठोपाठ सालीतलीही होत होती. माल्पिगींचं म्हणणं टिकलं, पण आता आकड्यांच्या आधारावर.

2001 मध्ये तर प्रश्नच बदलला. स्वीडनमध्ये पाईनच्या जंगलात झाडांची कडी काढून शास्त्रज्ञांनी मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजला. एक-दोन महिन्यांत तो सुमारे 54 टक्क्यांनी घटला. म्हणजे मातीच्या ‘श्वासा’चा मोठा भाग पानांतून नुकत्याच आलेल्या साखरेवर चालतो! कडं तेच, पण आता ते झाडाबद्दल नाही, मातीबद्दल सांगत होतं.

आपल्या नाशिकचे द्राक्ष बागायतदार मणी फुगवण्यासाठी जे ‘गर्डलिंग’ करतात, तेही हेच. तिथे कडं अरुंद असतं, जखम भरून येते. रुंद कडं काढलं तर मुळं उपाशी राहून झाड मरतं, म्हणून कॉलेजच्या आवारातल्या झाडांवर प्रयोग नको, बरं का!

तुम्हाला एकच सांगणं: पेपर वाचताना वहीत दोन रकाने करा, एक पद्धतीचा, एक प्रश्नाचा. पद्धत जुनी दिसली म्हणून पेपर बाजूला ठेवू नका. त्या पद्धतीला अजून कोणता प्रश्न विचारलेला नाही, ते शोधा.