समुद्रापलीकडे राहिलेला रुपया

संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९७३ साली जन्माला आला तेव्हा त्याची किंमत ०.१८६६२१ ग्रॅम सोने अशी ठरली. हा आकडा वाचला आणि थबकलो, कारण तो माझ्या ओळखीचा होता. सप्टेंबर १९४९ ते जून १९६६ या काळात भारताचा रुपया नेमका एवढ्याच सोन्याचा होता, दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या घरापर्यंत. असे आकडे योगायोगाने जुळत नसतात, म्हणून दिरहमचे कूळ शोधायला घेतले.

आखातात आपला रुपया चालत असे, हे पुष्कळांना माहीत असते. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत, सगळीकडे बाजार रुपयातच. तेलाचे करारसुद्धा रुपयात झाले. बहारीनमध्ये टनामागे साडेतीन रुपये रॉयल्टी ठरली होती आणि १९३४ साली करारावर सही करताना कुवेतच्या शेखांना पावणेपाच लाख रुपये मिळाले. मुंबईहून बोटीने गेलेल्या कारकुनाला किंवा फिटरला मिळणारा पगार त्यामुळे परकीय चलनातला नव्हताच. तिकडचे शंभर ते इकडचे शंभर. 'आज रेट काय?' हा प्रश्न त्याला पडतच नसे.

पडला असता तर तो पौंडाचा. १९२७ च्या कायद्याने रुपया १ शिलिंग ६ पेन्सांना बांधला. त्याआधी १ शिलिंग ४ पेन्स की ६ पेन्स, यावर मुंबईत रणे माजली होती. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. रुपयावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ सालीच आला होता. त्याच आयोगावर बसलेल्या पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी ४ पेन्सांचा हट्ट धरून अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली. ते जिंकले असते तर पौंडाचे सरळ १५ रुपये झाले असते. हरले, म्हणून तेरा रुपये पाच आणे चार पै. हा वेडावाकडा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे कुवेतात भेटणार आहे. १९४९ मध्ये पौंड घसरला, आपला रुपयाही त्याच्या मागोमाग घसरला आणि डॉलरला ४.७६ रुपये हा भाव बसला. आपले ०.१८६६२१ तिथले.

फारकतीला निमित्त झाले सोने. दुबईत ते उघड विकत मिळे, आपल्याकडे आयातीला बंदी. दहा-दहा तोळ्यांची बिस्किटे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चोरून उतरत आणि नोटांचे गठ्ठे उलट वाटेने जात. तिकडच्या बँका त्याच नोटा रिझर्व्ह बँकेपुढे ठेवून पौंड मागत. म्हणजे चोरट्या सोन्याचे बिल देशाच्या गंगाजळीतून भागत होते. १९५९ मध्ये सरकारने आखातापुरत्या निराळ्या नोटा काढल्या. क्रमांकाआधी इंग्रजी 'झेड', रंग वेगळे आणि भारतात त्या चालायच्या नाहीत. किंमत मात्र तीच. भाऊ वेगळे झाले तरी सातबारा एकच राहावा, तसा हा प्रकार होता.

मग एकेक शेखराज्य बाहेर पडले. १९६१ मध्ये कुवेतने पौंडाच्या बरोबरीचा दिनार काढला, एका दिनाराला १३⅓ रुपये. हे आपले तेरा-पाच-चार! ठाकुरदास हरले नसते तर कुवेती माणसाने पंधरा रुपये मोजले असते. १९६५ मध्ये बहारीनने दहा रुपयांचा एक दिनार केला. ६ जून १९६६ रोजी दिल्लीने रुपया ४.७६ वरून ७.५० वर आणला आणि आखाती नोटासुद्धा रिझर्व्ह बँकेच्याच असल्याने त्यांनाही तोच फटका बसला. शेकडा साडेछत्तीस किंमत एका घोषणेने गेली, तीही ज्यांना दिल्लीत मत नव्हते त्यांची. कतार आणि दुबईने तात्पुरता सौदी रियाल वापरला आणि सप्टेंबरात स्वतःचा रियाल काढला. अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला.

दिरहम रुपयाच्या कुळातला, या माझ्या मताला इथे विरोध होतो. कतार-दुबईच्या चलनाचे नाव रियाल, मधले काही महिने सौदी रियालच चालला होता, तेव्हा दिरहमचा बाप सौदी आहे असे म्हणणारे भेटतात. नावावरून कूळ काढायचे तर रियाल मुळात स्पेनचा! सौदी रियाल तेव्हा डॉलरला ४.५० होता. कतार-दुबईला तोच उचलायचा असता तर भावही ४.५० ठेवला असता. त्यांनी ठेवला ४.७६, म्हणजे जूनमधल्या अवमूल्यनापर्यंतचा मुंबईचा रुपया. १९७३ मध्ये अमिरातीने दुबईत एका रियालला एक आणि अबू धाबीत एका बहारिनी दिनाराला दहा दिरहम दिले. दोन्ही वाटा त्याच रुपयाकडे जातात. आजही बहारीनचा दिनार पावणेदहा दिरहमांच्या आसपास असतो. मस्कतने मात्र आखाती रुपया १९७० पर्यंत सोडला नाही. नंतर रियाल आला, पण सुट्ट्या पैशाचे नाव अजून 'बैसा'च आहे. तर माझा निकाल असा, की दिरहम म्हणजे १९६६ चे अवमूल्यन ज्याला लागू झाले नाही तो आपला रुपया.

याचा पगारावर काय परिणाम झाला? अवमूल्यनाआधी दुबईहून शंभर पाठवणाऱ्याच्या घरी शंभर येत. नव्या रियालात तेवढेच शंभर पाठवले की घरी १५७ रुपये ५० पैसे. कामाचे तास तेच, मालक तोच, पगाराचा आकडाही तोच. रत्नागिरी-चिपळूणकडची माणसे आखाताकडे वळली ती या हिशेबाने, असे म्हणायचा मला फार मोह होतो. पण आकडे पुरती साथ देत नाहीत. १९७३ मध्ये दिरहम जेमतेम दोन रुपयांचा होता आणि १९८० मध्येही फार पुढे गेला नव्हता. त्या दशकातली गर्दी १९७३ नंतर भडकलेल्या तेलाच्या भावाने आणि त्यातून निघालेल्या बांधकामाने खेचली. विनिमय दराचा खरा हात दिसतो तो १९९१ च्या अवमूल्यनानंतर. दिरहम डॉलरला ३.६७ च्या आसपास खिळून बसला आणि आपला रुपया उतरत राहिला. आता एका दिरहमला वीसहून अधिक रुपये पडतात. गवंड्याचा पगार दिरहमात वर्षानुवर्षे न वाढताही गावाकडचे घर उभे राहते, यातला मोठा वाटा मालकाच्या औदार्याचा नाही, रुपयाच्या घसरणीचा आहे. आणि पगारवाढ लांबवायला मालकालाही हीच घसरण सोयीची पडते, असा माझा पक्का संशय आहे.

हा संशय तपासायला कायदे आणि सोन्याचे आकडे पुरत नाहीत, माणसांचे कागद लागतात. घरात आखातात राहिलेल्या कोणाची जुनी पेटी असेल तर 'झेड'च्या नोटा शोधाच, पण त्याहून जपून ठेवा ती पगाराची पाकिटे, बँक ड्राफ्टच्या पावत्या आणि 'एवढे पाठवले, एवढे मिळाले' अशी पत्रे. १९६५ ते १९७५ मधला एखादा कागद हाती लागला तर रद्दीत देऊ नका.