न्हाणीघराची ढाळदार जलरोधक जमीन

लहान न्हाणीघरातले पाणी जमिनीतल्या निचऱ्याच्या तोंडाकडे, म्हणजे नहाणी ट्रॅपकडे, नेणारी आणि खालच्या स्लॅबमध्ये मुरू न देणारी थरांची रचना. पाणी फरशी अडवते, हा समज अपुरा आहे. फरशी पाणी शोषत नसली, तरी सांध्यांतल्या सिमेंटच्या भरावातून ते खालच्या मसाल्यात झिरपते. म्हणून खरा अडसर जलरोधक लेपाचा असतो आणि ढाळही लेपाच्या खालीच द्यावा लागतो. सपाट लेपावर केवळ फरशीला उतार दिला, तर झिरपलेले पाणी लेपावर साचते, सांधे काळवंडतात आणि भिंतीच्या बुडाशी ओल चढते. महाराष्ट्रात बुडीत, म्हणजे न्हाणीघरापुरत्या खाली घेतलेल्या, स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याची रीत रूढ आहे. पण कोबा स्वतः पाणी पितो, तेव्हा एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

इपॉक्सीने सांधे भरल्यास लेपाची गरज नाही, असा आक्षेप घेतला जातो. मात्र गळतीची सुरुवात बहुधा ट्रॅपच्या कडेला, पाइपाभोवती किंवा भिंतीच्या कोपऱ्यात होते. तिथल्या बारीक चिरा इपॉक्सी रोखू शकत नाही. म्हणूनच कोपऱ्यात मसाल्याची गोलाई करून लेप भिंतीवर सुमारे 30 सेंमी. चढवतात आणि ट्रॅपच्या तोंडात वळवतात. ढाळ जास्त तितका बरा, हेही खरे नाही. तीव्र उतारावर पाय घसरतो. 1:60 ढाळ पुरतो, म्हणजे 1.2 मी. अंतरात 20 मिमी. उतार. फरशी बसवण्यापूर्वी ट्रॅप बंद करून 48 तास पाणी साठवावे व खालचे छत तपासावे. दोष तेव्हाच स्वस्तात दुरुस्त होतो.