जनावरांच्या एका इंजेक्शनने गिधाडं कशी संपवली? आणि मोबाईलवरची तुमची नोंद का मोलाची आहे?

परिसंस्था म्हणजे सजीव आणि भोवतालचे निर्जीव घटक यांची एकमेकांत गुंतलेली व्यवस्था. ही व्याख्या मी दहावीला पाठ केली आणि पेपर झाल्यावर विसरलो. ती खरी कळली एका चुकीमुळे. मागच्या हिवाळ्यात गावी गेलो असताना मी ईबर्ड ॲपवर 'गिधाड – २' अशी नोंद टाकली. नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा मेल आला, फोटो आहे का? पाठवला. त्या घारी निघाल्या! आजोबा हसले. म्हणाले, "अरे, आता कुठली गिधाडं? पूर्वी ओढ्यापलीकडं मेलेला बैल टाकला की बघता बघता नुसता सांगाडा राहायचा."

मग ती गेली कुठे?

पुस्तकातली अन्नसाखळी गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी वर चढत जाते आणि तिथेच थांबते. गाय मेल्यावर तिचं काय होतं, ते त्या चित्रात नसतं. आपल्याकडे ते काम गिधाडं करायची. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात.

नव्वदच्या दशकात दुखण्यावर जनावरांना डायक्लोफिनॅक देणं सुरू झालं. हो, तेच औषध, कंबर धरली की आपण ज्याचं जेल चोळतो. औषध दिल्यावर लगेच मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक ॲसिड अवयवांवर पांढऱ्या थरासारखं साचतं आणि काही दिवसांत पक्षी मरतो. मला सगळ्यात धक्का बसला तो पुढच्या हिशोबाने: हजारातल्या एक ते आठ मृत जनावरांत हे विष असलं, तरी एवढी घट व्हायला पुरे. कारण एका जनावरावर कितीतरी गिधाडं तुटून पडतात, आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते. १९९२ ते २००७ मध्ये भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली.

जागा रिकामी राहिली नाही. मढी भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली, कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीजचा धोका. मुंबईत पारशी समाजाच्या दखम्यांवरही गिधाडं येईनाशी झाली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात गिधाडं नसल्यामुळे भारतात सुमारे ५ लाख जास्तीची माणसं दगावली.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. लोक मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचू लागले. २०१५ मध्ये कुपी ३ मिलीपुरती केली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झालं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. घरी गुरं असतील तर डॉक्टरांना तेच मागा.

आता मोबाईल. ही घट लक्षात आली, कारण डॉ. विभू प्रकाश यांनी राजस्थानातल्या भरतपूरला आधीच गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. जुना आकडा नसता तर तुलना कशाशी केली असती? ईबर्डवरची तुमची साधी यादी उद्याचा तो जुना आकडा आहे. कावळे-चिमण्याही टाका, फक्त दुर्मीळ पक्षी नकोत. ओळख पटत नसेल तर मर्लिन ॲप घ्या. भारताचा पॅक उतरवला की ते नेटशिवायही चालतं. घारीच्या शेपटीला खाच असते. गिधाडाची शेपटी आखूड, पंख रुंद आणि टोकाला बोटांसारखे फाकलेले.

एक काळजी घ्या. नाशिकजवळच्या अंजनेरीसारख्या कड्यांवर अजून गिधाडं घरटी करतात. तिथले फोटो स्टेटसला टाकून गर्दी जमवू नका, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर मूळ फोटो कुणाला पाठवला की घरट्याचा पत्ताही त्याच्यासोबत जातो.

माझी ती नोंद मी दुरुस्त केली. आता तिथे 'घार – २' असं आहे.