पांढऱ्या तांदळाची किंमत

भात कांडण्याचे कष्ट आमच्या आज्यांना ठाऊक होते. वाफेच्या गिरणीने ते वाचविले, वर तांदूळही शुभ्र दिला. इतका लाभ पदरात पडल्यावर गिरणीने काय काढून घेतले, हे कोण विचारणार?

तो हिशेब डच अमदानीतील जावा बेटात निघाला. तेथे सैनिक व कैदी बेरीबेरीने मरत. पाय लुळे पडत, मग हृदय थके. आइकमन हे डच डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, रोगाचा जंतू शोधीत होते. 1889 साली त्यांच्या कोंबड्याच लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी बऱ्याही झाल्या! मधल्या काळात त्यांना इस्पितळातला पांढरा भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो बंद केला. लष्करी तांदूळ मुलकी कोंबड्यांना का म्हणून? (सरकारी खाक्याचा असा उपयोग विरळाच.)

पुढे फोर्डरमान यांनी जावा-मादुरातले तुरुंग तपासले. अर्धवट सडलेला तांदूळ खाणाऱ्या दहा हजार कैद्यांत बेरीबेरीचा एक. पांढरा खाणाऱ्यांत मात्र 39 जणांत एक! ताटातला तांदूळ निवडणे कैद्याच्या हाती थोडेच होते?

भातात विष असावे, असा आइकमन यांचा तर्क. 1901 साली ग्रेन्स यांनी सांगितले की, विष नव्हे, उणीव आहे. कोंड्याबरोबर काही सत्त्व जाते. तेच ब1 जीवनसत्त्व.

कोकणातला उकडा तांदूळ गिरणीत घातला तरी ते पुष्कळसे राखतो, कारण भात आधीच उकडल्याने सत्त्व दाण्यात मुरलेले असते.