वैद्य बंधूंचा आखाडा, औंधचे राजे आणि आपला ‘टाइम’

“डॉक्टर, मले टाइमच नाही भेटत.”

ओपीडीत हे वाक्य मी रोज ऐकतो. बोलणारे बहुधा पस्तिशी-चाळिशीतले आई किंवा बाबा असतात. सकाळी डबे, शाळेचा ऑटो, मग नोकरी, संध्याकाळी ट्यूशनची ने-आण आणि रात्री गृहपाठ. मागच्या महिन्यात अशाच एका ताईंचा एचबीए१सी रिपोर्ट ६.२ आला. हा मधुमेह नाही, पण मधुमेहाच्या आधीची पायरी आहे. त्यांनी तीनदा जिम लावली आणि तीनदा सोडली. जाता जाता त्या म्हणाल्या, “आमच्या आजोबांच्या वेळचे लोक बरे, रोज आखाड्यात जायचे. आमच्यातच आळस भरलाय.”

तुम्हालाही असंच वाटत असेल, तर आज थोडा इतिहास पाहू. तोही आपल्या अमरावतीपासूनच.

अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये इथे हनुमान आखाडा सुरू केला. तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, हे शहरात अनेकांना माहीत आहे. मला मात्र त्याआधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९२४ पासून मंडळाने व्यायामशिक्षणाचे पाच आठवड्यांचे उन्हाळी वर्ग सुरू केले. वऱ्हाडातला उन्हाळा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पण शिक्षक मोकळे असतात ते सुट्टीतच. म्हणजे माणसाला वेळ केव्हा आहे ते आधी पाहिलं आणि वर्ग त्यात बसवला. आपण उलट करतो. पहाटे पाचला उठून तासभर चालायचं असा बेत आखतो, आणि ज्या घरात रात्री साडेअकराला दिवा मालवतो तिथे तो आठ दिवसांत मोडतो.

आता ताईंच्या आजोबांकडे येऊ. आखाड्यात जाणारे बहुतेक तरुण आणि विद्यार्थी होते. त्यांची भाकर दुसरं कोणीतरी थापत होतं. आजी पहाटे जात्यावर बसायची, विहिरीचं पाणी ओढायची, शेतात निंदण करायची. शरीराची हालचाल भरपूर व्हायची, पण तिला आजीने व्यायाम म्हटलं नसतं, आणि विश्रांती मिळायची नाही. शिवाय १९५१ च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं. तरी ‘जुनी माणसं निरोगी’ हे सरसकट विधान मी तरी करणार नाही.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा माणूस मला दिसतो तो साताऱ्याकडच्या औंध संस्थानात. बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते, चित्रं काढायचे, कीर्तनं करायचे आणि मोठ्या कुटुंबाचे वडीलही होते. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपात गाजलेल्या मल्लाची पुस्तकं आणि साधनं मागवून सुमारे दहा वर्षं नेमाने व्यायाम केला. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर ते सोडले नाहीत. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही, एका सतरंजीएवढी जागा पुरते. महत्त्वाचं म्हणजे ते एकटेच करत बसले नाहीत. राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालायची. संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, आणि त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. राजवाड्यात नोकरचाकर होते, हे विसरू नका. तुमची-आमची तुलना तेवढ्यापुरती सोडून द्या. पण मुलांना झोपवून मग स्वतःसाठी वेळ काढण्याऐवजी त्यांनी मुलांनाच सोबत घेतलं. हे करायला राजवाडा लागत नाही.

मोझरीच्या गुरुकुंजातली सामुदायिक प्रार्थना आठवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली ती पद्धत गावोगाव टिकली. वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि शेजारी माणसं. आज बसायचं का नाही, हे रोज नव्याने ठरवावं लागत नाही.

विज्ञान यात काय सांगतं? डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता. प्रामाणिकपणे सांगायचं, तर पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, आणि ड्रायव्हरांची कंबर नोकरीला लागतानाच मोठी असल्याचं आढळलं. म्हणजे सगळंच श्रेय जिन्याला देता येत नाही. तरी कामातली हालचालही मोजायची असते, हा विचार तिथून रुजला. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘सलग किमान दहा मिनिटं’ ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं तुकड्या-तुकड्यांनी झालं, तरी धरलं जातं.

आणि सवय लागायला २१ दिवस लागतात, हे डोक्यातून काढा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २०१० साली छापलेल्या अभ्यासात हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. मधला आकडा ६६. त्यात आणखी एक दिलासा होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. मुलाला ताप आला, दोन दिवस गेले, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं. सोमवारची वाट पाहायची नाही.

त्या ताईंना मी जिम सांगितली नाही. मुलगा ट्यूशनला असतो तो पाऊण तास त्या गाडीवर बसून मोबाइल पाहत. त्यातली वीस मिनिटं त्याच गल्लीत चालायचं, एवढंच ठरलं. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं दोघांनी मिळून गच्चीवर. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी चढते. संध्याकाळचा गिला वडा आठवड्यातून एकदाच, तो मात्र मी बंद केला नाही. तुम्हाला चालताना छातीत दडपण येत असेल, किंवा आधीच साखरेची अथवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर वेग वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

ताईंची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. एचबीए१सी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दाखवतो, त्यामुळे त्याआधी घाईने पुन्हा करू नका.