पाठभेदांची जपणूक

गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो मुद्रणव्यवसाय फोफावला, त्याच्या इतिहासात खिळ्यांच्या सौष्ठवाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु अनेक प्रतींतून एक पाठ पत्करताना उरलेल्या पाठांची काय तजवीज करावी, या प्रश्नाला तेथे मिळालेले उत्तर मला त्याहून मोलाचे वाटते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात बालवयातच धंद्याचे शिक्षण घेतलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. याच छापखान्यातून १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला प्रसिद्ध होऊ लागली.

हस्तलिखित पोथीत लेखनिकाचा प्रमाद आणि पंडिताची दुरुस्ती ही दोन्ही मूळ शब्दांत बेमालूम मिसळून जात, आणि फेरफार कोणी व का केला याचा मागमूस राहत नसे. काव्यमालेच्या संपादकांनी प्रतींना क, ख, ग अशा संज्ञा दिल्या, पसंत पडलेला पाठ वर छापला आणि नाकारलेला पाठ संज्ञेसह तळटीपेत रुजू केला. त्यामुळे संपादकाचा निर्णय चुकला, तरी तो तपासण्याचे साधन वाचकाच्या हाती राहिले.

परळ-लालबागच्या गिरणगावात आज जेथे संगणकाच्या कचेऱ्या थाटल्या आहेत, तेथील नवउद्योगांपुढे प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळण्याचा हाच प्रश्न उभा राहतो. १९७२ साली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी रचलेल्या एससीसीएसपासून आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनांची परंपरा सुरू होते. पुढे सीव्हीएस आणि सबव्हर्जन यांनी सारा इतिहास एका मध्यवर्ती दप्तरात ठेवला. तर २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी निर्मिलेल्या गिटने प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर संपूर्ण इतिहासाची नक्कल दिली, ज्यायोगे जाळे खंडित असतानाही काम चालते आणि स्वतंत्र शाखेवर प्रयोग करून तो मागाहून मुख्य शाखेत विलीन करता येतो.

वाढत्या उद्योगाने बहुधा गिटच पत्करावे, कारण नवा माणूस ते शिकूनच येतो. मात्र ज्यांच्या कामात अवजड चित्रे व ध्वनिफिती वारंवार बदलतात, त्यांना मध्यवर्ती पद्धत अधिक सोयीची ठरते, कारण तीत प्रत्येकाला सारा इतिहास बाळगावा लागत नाही आणि एकाच्या हातातील फाइल इतरांसाठी कुलूपबंद करता येते. साधन कोणतेही असो, ते कर्त्याचे नाव, तारीख आणि बदल आपोआप नोंदवते. बदलाचे कारण मात्र माणसालाच लिहावे लागते. ‘दुरुस्ती केली’ एवढाच शेरा मारून दाखल केलेला बदल संज्ञेवाचून छापलेल्या पाठभेदाइतकाच निरुपयोगी होय. म्हणून कारण लिहिण्याचा आणि दुसऱ्याच्या तपासणीवाचून मुख्य शाखेत काहीही दाखल न करण्याचा दंडक माणसे चार असतानाच घालावा. ती चाळीस झाल्यावर नियम करता येतो, पण मधल्या वर्षांची न लिहिलेली कारणे कोणालाही पुन्हा मिळवता येत नाहीत.