प्रयोगशाळेतून मंत्रिपदापर्यंत : डॉ. नजमा हेपतुल्ला

आमच्या नांदेड-लातूरकडे मुलगी दहावीला चांगले गुण घेऊन पास झाली, की घरात विज्ञान शाखेचा आणि डॉक्टरकीचा विषय निघतो. 'लातूर पॅटर्न'ने ही हवा मोहल्ल्यापर्यंत आणली. या मुलींपुढे विज्ञान शिकून मोठ्या पदावर गेलेल्या मुस्लिम स्त्रीचे उदाहरण ठेवायचे, तर डॉ. नजमा हेपतुल्ला यांचे नाव घ्यावे लागते. मात्र त्यांची वाटचाल नीट तपासूनच ते घ्यावे, असे आम्हाला वाटते.

13 एप्रिल 1940 रोजी भोपाळला त्यांचा जन्म झाला. मौलाना आझादांशी त्यांचे नाते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून त्यांनी हृदयाच्या रचनेवर पीएच.डी. मिळवली. 1980 मध्ये काँग्रेसने त्यांना महाराष्ट्रातून राज्यसभेवर पाठवले. 1986, 1992 आणि 1998 मध्येही त्या इथूनच निवडून गेल्या. म्हणजे चोवीस वर्षे त्या आपल्याच राज्याच्या खासदार होत्या. 1985-86 मध्ये आणि पुढे 1988 ते 2004 त्या राज्यसभेच्या उपसभापती राहिल्या.

1991 ते 1996 हा काळ मराठवाड्याने आठवावा. लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील. गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण, तेही राज्यसभेचेच सदस्य. आणि त्या सभागृहाच्या उपसभापती नजमाबाई! 1999 मध्ये जगभरच्या संसदांच्या संघटनेचे अध्यक्षपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

एवढे होऊनही काँग्रेसने त्यांना केंद्रात मंत्री केले नाही. 1980च्या दशकात विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे राज्यमंत्रिपद वकील असलेल्या शिवराज पाटलांकडे आले. प्राणिशास्त्राच्या या डॉक्टरकडे ते कधीच आले नाही. 2004 मध्ये त्या भाजपमध्ये गेल्या. मे 2014 मध्ये, वयाच्या 74व्या वर्षी मंत्री झाल्या. खाते मिळाले अल्पसंख्याकांचे.

पद घेताच त्यांनी सांगितले, की मुसलमान संख्येने मोठे आहेत, खरी काळजी पारशांची करायला हवी. आम्हाला ते खटकले. समाजाची संख्या मोठी असली, म्हणून शाळा सुटलेल्या एका मुलीचे नुकसान लहान होत नाही. तरी हेही नोंदवले पाहिजे, की अशाच मुलामुलींसाठी 'नई मंझिल' आणि कारागिरांसाठी 'उस्ताद' या योजना 2015 मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाल्या. जुलै 2016 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. नंतर 2021 पर्यंत त्या मणिपूरच्या राज्यपाल होत्या.

त्यांच्या पक्षांतराबद्दल ज्याचे-त्याचे मत असो. आमचा प्रश्न वेगळा आहे. हृदयावर संशोधन केलेल्या बाईचे खाते तिच्या विद्येवरून ठरावे की तिच्या नावावरून?

दुसरा प्रश्न आमचा आम्हालाच. वैद्यकीय प्रवेश हुकला, की आम्ही मुलीच्या लग्नाचे बघू लागतो. एम.एस्सी., पीएच.डी.ची वाटही आहे. नांदेडला 1994 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठी 2009 मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप सरकारने 2022 मध्ये बंद केली, म्हणून ही वाट आणखी अवघड झाली. ती फेलोशिप सरकारकडे मागत राहू. तोवर निदान घरातला दरवाजा तरी आपण बंद करू नये.